गाळून उरलेला आवाज

कुसळाईच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या त्या सपाट कातळावर, धुकं उतरलं की समोरची म्हैससुद्धा नुसती घंटेवरून ओळखावी लागते. त्या सकाळी तर केतकी बर्गेला वाकून पाहिलं तरच स्वतःचे गमबूट दिसत होते. तंबूच्या तोंडाशी ती उकिडवी बसली होती आणि मांडीवरच्या पडद्यावर एकच ओळ होती : ‘ओळखीचे सर्व आवाज वजा. शिल्लक एक.’

तिने चष्मा पुसून ओळ परत वाचली. उठली. बाहेर गेली, आत आली, चहाचं आधण ठेवलं आणि शेगडी पेटवायलाच विसरली.

केतकी बेडकांची अभ्यासक. साताऱ्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत काम करायची. अर्धं आयुष्य सह्याद्रीतल्या डबक्यांत आणि कपारींत गेलं, पण जगाला माहीत नसलेली एकही जात तिच्या हाताला लागली नव्हती. आता उरलंय काय शोधायला, असं बरोबरचे लोक म्हणत. गाळणी आल्यापासून तर जास्तच म्हणत.

गाळणी म्हणजे ते यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण ते कुणी घेत नसे. सुपारीएवढे कान सड्यावर जागोजागी खोचायचे. ते रात्रंदिवस ऐकतात. जगभरच्या माणसांनी वर्षानुवर्षं टिपलेले पक्ष्यांचे, किड्यांचे, वटवाघळांचे, बेडकांचे आवाज यंत्राला पाठ असतात. ऐकलेल्या गोंगाटातून ते एकेक ओळखीचा आवाज ओढून बाजूला काढतं, विणलेल्या कापडातून एकेक धागा उसवावा तसं. वारा, पाऊस, ड्रोनची घरघर, सगळं जातं. जे उरतं ते आजवर कुणी नोंदलेलं नसतं. बहुतेक वेळा काहीच उरत नाही. मागच्या पावसाळ्यात उरला होता तो खालच्या धनगरवाड्यातल्या ठकूबाई झोरेच्या गोठ्याचा सैल झालेला पत्रा.

तिने कानाला हेडफोन लावले. काचेच्या दोन गोट्या एकमेकींवर हलकेच आपटाव्यात तसा आवाज. टिक्. टिक्टिक्. टिक्. किड्याने पंख घासून काढलेला आवाज कोरडा असतो. हा ओला होता, गळ्यात हवा भरून काढलेला. बेडूकच. आणि तो भर दिवसा ओरडत होता, तेही फक्त दाट धुक्यात. बेडूक शोधणारी माणसं बॅटऱ्या घेऊन रात्री फिरतात. धुक्याच्या दिवशी गवतात कोण कशाला कान देईल?

आनंदाने नाचायची वेळ होती. पण हा सडा बुडणार होता.

सड्यावर तलाव व्हायचा होता. दुपारी सूर्याची वीज उतू जाते, तेव्हा ती वापरून खालच्या धरणाचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी सूर्य मावळला, घरोघरी पंखे-कूलर लागले, की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज काढायची. उदंचन प्रकल्प म्हणतात त्याला. त्यात वाईट काही नव्हतं. केतकीलाही तो मनातून पटला होता. दोन हजार एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात संध्याकाळची वीज गेली ती जिल्ह्याला कितीतरी रात्री मिळालीच नाही, आणि कोरेगावच्या घरात तिचे वडील उष्म्याने गेले. ती आणि धाकटा भाऊ सयाजी, दोघं ओल्या चादरी पिळून त्यांच्या अंगावर घालत होते. चादरी वाळत होत्या, बाबांचं अंग तापतच होतं. तेरावं झालं आणि सयाजीने पुण्याची नोकरी सोडली. आता तो याच प्रकल्पावर अभियंता होता. तलावाची भिंत त्यानेच आखली होती.

तिने त्यालाच फोन लावला.

“सया, वर एक बेडूक सापडलाय. म्हणजे आवाज सापडलाय. नवा आहे.”

“किती नवा?”

“अगदीच नवा.”

“ताई,” तो म्हणाला, “तू मला हे सांगते आहेस, का प्रकल्पाला?”

“दोघांनाही,” केतकी म्हणाली.

नुसत्या आवाजावर जात जाहीर करता येत नव्हती. छायाचित्रावर नाही, डीएनएवरही नाही. हे सगळं आता घरबसल्या बनवता येत होतं. कुणी एखादा रस्ता अडवायला कधी न जन्मलेल्या पालीचा डीएनए रचला होता, कुणी खाण चालू राहावी म्हणून खऱ्या पक्ष्याचं गाणं बनावट ठरवलं होतं. शेवटी वैतागून जगभरचे शास्त्रज्ञ जुन्याच वाटेला परतले : देह दाखवा. एक प्रौढ प्राणी, मद्यार्कात जपून संग्रहालयात ठेवलेला. हा मूळ नमुना. जागा वादाची असेल तर आणखी एक अट होती. समोरच्या पक्षाच्या माणसाने तो प्राणी त्याच जागी, तोच आवाज काढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा.

प्रकल्पाच्या साहेबांनी साक्षीला सयाजीलाच पाठवलं. सख्ख्या भावाने ‘नाही पाहिलं’ म्हटलं तर कुणाला शंका येणार, असा त्यांचा हिशेब असावा.

सडा बुडवायचा की नाही हे ठरवणारी सुनावणी तोंडावर आली होती. सयाजी वर पोचला तो चिंब भिजून. ठकूबाईने त्याला गोठ्याशीच अडवून कोरा चहा दिला आणि त्याच्याबरोबर तीही तंबूपर्यंत आली.

“ताई, तुमी बेडूक वाचिवणार म्हंत्यात,” ती केतकीला म्हणाली. “वाचवा, माजी ना न्हाई. पर उन्हाळ्यात आमी खालच्या झऱ्यावनं हंडं आनतो, त्या वाटंनं एकडाव माज्यासंगं चाला. ह्यो भाऊ तळं करतोय म्हटल्यावर मला बरं वाटलंतं.”

ठकूबाईने रिकामी कपबशी उचलली आणि धुक्यात शिरली. तिच्या म्हशींच्या घंटा बराच वेळ वाजत राहिल्या.

दोघं गवतात उतरली. केतकीने सयाजीला पडद्यावरचा नकाशा दाखवला. एवढ्या थोरल्या सड्यावर एका ओलसर खळग्याभोवती मूठभर ठिपके होते.

“प्रत्येक ठिपका म्हणजे एक नर,” ती म्हणाली. “माणसांसारखाच प्रत्येकाचा आवाज वेगळा. गाळणीला ते कळतं. माद्या बोलत नाहीत, त्या किती ते ठाऊक नाही.”

“एवढेच?”

“एवढेच ऐकू आले.”

सयाजीने पडदा हातात घेऊन नीट पाहिला. “आणि ह्यातला एक तू बाटलीत घालणार.”

“हो.”

“म्हणजे वाचवायसाठी मारणार.”

“तुझा तलाव तर सगळ्यांनाच मारणार आहे.”

“माझा तलाव माणसं वाचवणार आहे, ताई. मी हे कुणासाठी करतोय ते तुला मी सांगायला पाहिजे का?”

“नको सांगूस,” केतकी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

खळग्यातल्या गवताच्या एका थोंबापाशी, दाट झुबक्यापाशी, यंत्राच्या पडद्यावरची दिशा दाखवणारी सुई स्थिरावली. दोघं दोन बाजूंनी गुडघ्यांवर बसली. पावलांची चाहूल लागून आवाज केव्हाच बंद झाला होता. बसून राहायचं, एवढंच हातात होतं. जळवा बुटांवर चढत होत्या. सयाजीने एक काढून फेकली, मग काढणंही सोडून दिलं. केतकीला राहून राहून वाटत होतं, आवाज येऊच नये. मग वाटायचं, आत्ताच्या आत्ता यावा.

टिक्. टिक्टिक्.

थोंबाच्या सयाजीच्या बाजूने. केतकीच्या बाजूला नुसतं गवत होतं. तिने मान उंचावून पाहिलं, तर तिला भावाचा चेहरा दिसला. त्याचे डोळे एका जागी खिळले होते आणि तोंड किंचित उघडं होतं. लहानपणी विहिरीत पहिल्यांदा कासव दिसलं तेव्हा तो असाच दिसला होता.

“दिसतोय?” तिने ओठांनीच विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

“आवाज त्याच्याच गळ्यातून येतोय का?”

हे फक्त तोच सांगू शकत होता. तिला दिसत नव्हतं, आणि कुठलंही यंत्र हे सांगू शकत नव्हतं. त्याने ‘दिसलं नाही’ म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता. महिन्याभरात सड्यावर यंत्रं चढली असती, आणि पुढच्या कुठल्याशा उन्हाळ्यात कोरेगावात कुणाचे तरी वडील वाचले असते. केतकीला हे जितकं कळत होतं तितकंच त्यालाही. आवाज थांबला, परत सुरू झाला.

“हो,” शेवटी तो म्हणाला. “त्याच्याच. गळ्याचा फुगा होतोय. एवढा पातळ, की पलीकडचं पातं दिसतंय.”

केतकी वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि तिने त्या आवाजावर अलगद ओंजळ झाकली. बोटाच्या पेराएवढा जीव. वाळल्या गवताच्या रंगाचा, पण जांघेत हळदीसारखे पिवळे ठिपके. असे ठिपके असलेला एकही बेडूक तिने ना पाहिला होता, ना कुठे वाचला होता. आणि तो जिथे बसला होता तिथे, गवताच्या मुळांत, साबुदाण्यासारखी टपोरी, काचेसारखी अंडी होती. प्रत्येक अंड्यात अंग मुडपून बसलेलं काहीतरी हलत होतं.

“हे काय?” सयाजीने विचारलं.

“पिल्लं. ह्या कुळातल्या बेडकांना पाणी लागत नाही. डबक्यात शेपटी हलवत पोहणं नाही, काही नाही. अंड्यातच पाय फुटतात आणि बाहेर पडतो तो अख्खा बेडूक. इथे डबकं टिकत नाही ना, वाऱ्याने सुकतं. म्हणून बाप अंड्यांवर बसून राहतो. स्वतःच्या अंगाने त्यांना ओलं ठेवतो.”

हे तिने वर्गात शिकवावं तसं सांगितलं. बोलून झाल्यावर तिलाच आपल्या आवाजाची चीड आली.

“सोड त्याला,” सयाजी म्हणाला. “मी हो म्हणालो ना? सांगेन मी सुनावणीत. झालं की तुझं काम.”

“देह नसेल तर तुझ्या ‘हो’ला अर्थ नाही.”

“मग दुसरा घे.”

“दुसराही अंड्यांवरच बसलेला असेल. ह्या दिवसांत सगळेच बसतात.”

सयाजी ताडकन उभा राहिला. “मग मी शब्द मागे घेतो. मी काही पाहिलं नाही. आता मारशील?”

केतकीने ओंजळीत पाहिलं. बोटांच्या फटीतून तो जीव तिच्याकडे बघत होता, म्हणजे तिला तसं वाटलं. “नाही,” ती म्हणाली. “तू नाही म्हणालास तर मारून उपयोग काय? आत्ता सोडते. पावसानंतर तुम्ही सगळा सडा बुडवा.”

सयाजी चिखलातच बसला. वारा फिरला, धुकं क्षणभर विरळ झालं आणि खाली धरणाचं राखाडी पाणी दिसलं. परत मिटलं.

“कशात घातलंस ग मला, ताई,” तो म्हणाला.

“मीही त्यातच आहे, सया.”

त्याने नाक पुसलं. “कर काय करायचं ते. पण मी बघणार. तोंड फिरवणार नाही.”

बेडूक अर्धा श्वास कातडीतून घेतो, म्हणून औषधही कातडीतूनच जातं. केतकीने त्याच्या पोटाला भुलीचं मलम लावलं. तो गळाला, मग झोपला. पोटाची कातडी इतकी पातळ होती की आतलं काळीज हलताना दिसत होतं, मोहरीएवढं. ते हळूहळू मंदावलं. तिच्या तळहातावर थांबलं. हे तिने यापूर्वीही केलं होतं, शिकताना आणि शिकवताना. या वेळी तिला हात कुठे पुसावा ते कळेना.

सयाजीने शब्द पाळला. सगळं पाहिलं. मग थोंबाकडे बोट करून म्हणाला, “आणि ह्यांचं काय?”

“सुकतील. नाहीतर बुरशी धरेल.”

“मग शिकव मला. काय करायचं ते.”

तो खाली गेलाच नाही. साहेबांचे फोन येत होते, त्याने फोन पिशवीत खुपसून ठेवला. दिवसभर तो प्लास्टिक अंथरून त्या थोंबापाशी बसायचा आणि ड्रॉपरने पावसाचं पाणी एकेक थेंब अंड्यांवर सोडायचा. किती सोडायचं ते केतकीलाही नीट माहीत नव्हतं. या जातीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. चुकत माकत दोघं शिकली. काही अंडी पांढुरकी पडली, ती त्याने चिमट्याने अलगद वेगळी केली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. एका दुपारी केतकी भाकरी घेऊन गेली तर तो पालथा पडून गवतात डोळे लावून होता.

“ताई, हळू. निघाला.”

तांदळाच्या कणीएवढा बेडूक गवताच्या काडीवर बसला होता. मागे शेपटीचं एक टोक अजून चिकटलेलं. सयाजी हसला. बाबा गेल्यापासून केतकीने त्याचं हसू पाहिलं नव्हतं, आणि तिला रडू आलं. पण ती वळून सामान आवरायला लागली, कारण सुनावणी उद्यावर आली होती.

सुनावणीत सयाजीने जे पाहिलं ते सांगितलं, त्यात काही घातलं नाही, काही वगळलं नाही. कुसळाईचा सडा वाचला. केतकीने जातीचं वर्णन लिहिलं : कातडी, बोटं, आवाज, अंडी. सयाजीचं नाव त्या बेडकाला द्यावं असं तिच्या मनात होतं.

“माझं नको,” तो म्हणाला. “मी त्याच्या मरणाला हजर होतो. माणूस अशाने नाव लावून घेत नाही.”

मग तिने कुसळाईचंच नाव दिलं. परदेशातून अभिनंदनं आली. मूळ नमुना संग्रहालयात गेला. तो पोचल्याचा निरोप वाचल्यावर केतकी दोन रात्री नीट झोपली नाही.

तलाव शेजारच्या तांबजाईच्या सड्यावर हलवला. नकाशे नवे, परवानग्या नव्या, काम लांबलं. पुढचा उन्हाळा आला तो तलावाविनाच. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कोरेगावात वीज गेली. केतकी आणि सयाजी दोघंही घरी होती. आईला ओसरीवर आणून बसवलं आणि आळीपाळीने पंख्याने वारा घालत राहिली. समोरच्या दुकानदाराने अंधारातून हाक मारली, “काय केतकीताई, तुमच्या बेडकाला उकडत नसेल ना?” रस्त्यावर दोन-तीन जण हसले. ती हसण्यावारी नेणार होती, पण तिला ते जमलं नाही.

“मला वारा घालायला दोघं आहात,” आई म्हणाली. “पलीकडच्या सुमनकाकूंना कोण आहे? जा बरं एकजण.”

सयाजी उठून गेला. केतकी पंखा हलवत राहिली. आईच्या कपाळावरचा घाम वाळला तरी तिचा हात थांबला नाही.

पाऊस चांगला लागल्यावर एके दिवशी त्याचा फोन आला. आता तो तांबजाईवर होता, एक पायरी खालच्या हुद्द्यावर.

“ताई, गाळणी घेऊन ये.”

“तांबजाई ऐकून झालीय ना तुमच्या लोकांची?”

“हिवाळ्यात ऐकली. नियमात बसतं. हिवाळ्यात तुझा बेडूक तरी कुठं बोलतो?”

“साहेबांनी सांगितलं?”

“साहेबांना माहीत नाही. मी सांगतोय.”

“आणि निघाला काही आवाज तर?”

“ते मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “पण न ऐकता सुरुंग लावणं मला जमत नाहीये.”

तिने कान सड्यावर खोचले आणि वाट पाहिली. तांबजाईवर ते दिवस उघडिपीचे निघाले. पाऊस थांबून थांबून पडे, मग लख्ख ऊन, गवतावर फुलपाखरं. खडकात सुरुंगाची भोकं पाडून झाली होती. ज्या सकाळी बार उडायचे होते, त्या सकाळी तिने पडदा उघडला. ‘ओळखीचे सर्व आवाज वजा. शिल्लक शून्य.’

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटलो, असं तिच्या तोंडून जवळजवळ निघालंच, आणि मग तिला स्वतःची शिसारी आली. हयात बेडकांत घालवलेली बाई, आणि काही सापडलं नाही म्हणून सुटलो म्हणते.

सयाजीने तिच्या खांद्यावरून वाचलं. त्याचा चेहरा मात्र पडला होता.

“शून्य म्हणजे इथे काही नाही, का काही बोललं नाही?”

“गाळणीला विचारशील तर शून्य.”

“तुला विचारतोय.”

“धुकं झालंच नाही, सया. तुला काय सांगू?”

खाली माणसं दूर सारायची शिटी वाजली. कुणीतरी लाल झेंडा घेऊन कड्याकडे निघालं. आणि बोलता बोलता दरीतून धुकं वर येऊ लागलं. आधी कड्याची कड गेली, मग झेंडा गेला, मग झेंडेवाला.

सयाजी वळून त्या पांढऱ्याकडे बघत राहिला. तलावाला एक दिवस उशीर म्हणजे पुढच्या उन्हाळ्याला एक दिवस उशीर. हे त्याला सांगायला कुणी नको होतं. त्याने कमरेचा वॉकीटॉकी काढला.

“बार आज नाही,” तो म्हणाला. “माणसं दिसत नाहीत. धुकं आहे.”

“साहेब, तासाभरात जाईल की,” पलीकडून आवाज आला.

“आज नाही म्हटलं ना. उद्याचं उद्या बघू.”

त्याने वॉकीटॉकी बंद केला आणि गवतात बसला. केतकी त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसली. धुकं दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. आता भाऊ तिला दिसत नव्हता, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. गवत ओलं होत चाललं होतं. काही ऐकू येऊ नये आणि काहीतरी यावं, दोन्हीसाठी तिने कान टवकारले.